दुकानातील केर आणि झारेकरी

आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहिताना घडणावळीचे कौशल्य, देवादिकांचे अलंकार आणि सराफीतील सचोटी यांचा गौरव नेहमी होतो, व तो योग्यच आहे. परंतु जो दागिना घडला त्याचाच इतिहास लिहावयाचा आणि घडविताना जे सोने जमिनीवर सांडले त्याचे पुढे काय झाले हे विचारावयाचेच नाही, ही रीत अपुरी होय. त्या सांडलेल्या सोन्याचा शोध घेणारा एक स्वतंत्र वर्ग महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला, तो झारेकऱ्यांचा. गुजराथेकडे त्यांसच धूळधोये म्हणतात. त्यांच्या श्रमांची नोंद केल्यावाचून आपल्या धंद्याचा हिशेब पुरा होत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा मोजणाऱ्या कारागिराचा हात कितीही सांभाळून चालला, तरी कानशीखाली कीस पडतोच. काही कण बागेसरीच्या राखेत जातात, काही फुटक्या मुशीस चिकटून राहतात, काही हात धुतलेल्या पाण्याबरोबर गटारात उतरतात. पुण्यास सोन्या मारुतीच्या आसपास व रविवार पेठेत, जिचे जुने नाव मलकापूर पेठ, अशी दुकाने व कारखाने दाटीने वसले. कारागीर दुकानातील केर टाकून न देता साठवून ठेवी व झारेकरी तो उक्त्या किमतीस विकत घेई. केरात सोने किती, हे दोघांसही नक्की ठाऊक नसे. म्हणजे हा सौदा अनुमानावर व परस्परांच्या विश्वासावर चाले.

केरातून सोने काढण्याची रीत पाहिली म्हणजे या वर्गाचे ज्ञान ध्यानात येते. प्रथम केर जाळून त्यातील कापूस, कागद, केस नाहीसे करावयाचे. राख कुटून चाळावयाची आणि लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस वेगळा करावयाचा. नंतर पसरट पात्रात पाणी घालून ते अशा बेताने हलवावयाचे की हलकी माती काठावरून वाहून जावी व जड कण तळाशी बसावे. त्या गाळात पारा घोळला म्हणजे तो सोन्याचांदीचे कण धरून ठेवतो. फडक्यातून जादा पारा पिळून काढल्यावर उरलेला गोळा तापविला, की पारा वाफ होऊन उडतो व धातू मागे राहतो. शेवटी तेजाबात चांदी विरघळवून सोने निराळे करतात.

कोणी विचारील की पाण्याचा एवढा खटाटोप कशास? धान्य सुपाने पाखडतात, तशी धूळ का पाखडू नये? जगात तसेही केले गेले आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1892 साली कूलगार्डी येथे व 1893 साली कालगुर्ली येथे सोने सापडले. तेथे पाण्याचे दुर्भिक्ष असल्यामुळे लोक वाळू एका पात्रातून दुसऱ्यात उंचावरून ओतीत. वारा माती उडवून नेई व सोने खाली पडे. याच तत्त्वावर पुढे भात्याची यंत्रे वापरात आली. त्यांत उतरत्या कापडी तळावर आडव्या पट्ट्या असतात व खालून हवेचे झोत येतात. असे यंत्र घेणाऱ्याने भात्याचा जोर व तळाचा उतार कमीजास्त करता येतो की नाही, हे आधी पाहावे. वापरताना माती पुरती वाळलेली व नीट चाळलेली हवी, आणि वाहून गेलेली माती मधूनमधून तपासून पाहिली पाहिजे. माती ओलसर असली तर हे यंत्र व्यर्थ होय.

मात्र केवळ वजनाचा विचार केला तरी पाणी श्रेष्ठ ठरते. सोन्याचे विशिष्ट गुरुत्व 19.3 व साध्या वाळूचे सुमारे 2.65. हवेत हा फरक सुमारे सातपट आहे. पाण्यात दोहोंचेही वजन पाण्याच्या भाराइतके घटत असल्याने तोच फरक अकरापट होतो. शिवाय कानशीचा कीस इतका बारीक असतो, की जोराच्या वाऱ्याने मातीबरोबर तोही उडावा. म्हणून जेथे पाणी आहे तेथे सोने धुणेच बरे. धारवाडकडील कप्पतगुड्डाच्या ओढ्यांत जालगार व भंडारा-बालाघाटकडील नद्यांत सोनझरी लाकडी पात्रांनी वाळू धूत आले. झारेकऱ्यांनी तीच विद्या पेठेतील केरास लावली.

या विद्येची किंमतही त्यांनीच मोजली. पाऱ्याची वाफ मज्जातंतूंस व मूत्रपिंडांस घातक असते, आणि हे काम पुष्कळदा राहत्या घरातच होई.

पुढे 1963 च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले व चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. 1968 साली त्याचा कायदा झाला. तो रद्द व्हावयास 1990 साल उजाडले. त्या काळात आपल्या बांधवांवर ओढवलेल्या बेकारीचे वर्णन आपण अनेकदा केले आहे. परंतु जेथे बागेसरी विझली तेथे केरही पडेनासा झाला, आणि त्या केरावर ज्यांची चूल पेटे त्यांचा उल्लेख आपल्या लेखनात क्वचितच आढळतो. आता मोठ्या कारखान्यांत धूळ शोषून घेणारी यंत्रे बसली आहेत. तेथील केर सरळ शुद्धीकरणाच्या कारखान्याकडे जातो.

यंत्रास दोष देण्यात अर्थ नाही. परंतु विस्मृतीचा दोष मात्र आपल्याकडे येतो. ज्या वृद्ध कारागिरांनी झारेकऱ्यांशी व्यवहार केला, त्यांनी त्या सौद्याच्या रीती, परिभाषा व भाव लिहून मंडळाकडे द्यावेत. झारेकरी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांसही सन्मानपूर्वक बोलावून त्यांचे कथन त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि पुढील अंकाची काही पाने त्यासाठी राखून ठेवावीत. कणभर सोने वाया जाऊ नये म्हणून जपणाऱ्या ज्ञातीस हे अवघड वाटू नये.