तोच उंबरा, वर्षानुवर्षे



एखाद्या घरी दावणीला बैलजोडी नाही, अशी नोंद पाहणीत झाली. पण ती कधीच नव्हती, की गेल्या दुष्काळात बाजार दाखवावा लागला? एका दिवसाच्या मोजणीत हे उमगत नाही. त्यासाठी त्याच उंबऱ्याशी पुन्हा पुन्हा जावे लागते.

गावपाहणी आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे आणि कर्जाचा बोजा तिने दाखवला. पण ते एका वेळचे चित्र होते.

१९७२ चा दुष्काळ आपला धाराशिव जिल्हा विसरलेला नाही. त्याच साली हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची संशोधन संस्था निघाली. तिने १९७५ मध्ये सहा गावे निवडली. त्यांपैकी शिरापूर आणि कळमण ही आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली. प्रत्येक गावात चाळीस घरे: दहा भूमिहीन मजुरांची, तीस लहानमोठ्या शेतकऱ्यांची. पाहणीदार गावातच राहत आणि दर तीन-चार आठवड्यांनी विचारीत, काय पेरलं? मजुरी कुठं केली? काय विकलं, उसनं कुणाकडून आणलं?

या वह्यांतून काय निघाले? वाईट सालात घरे बैल विकून पोट भरत. मग पुढच्या पेरणीला जोडी कुठली? म्हणजे पाऊस परतला, तरी दुष्काळ घरातून हलत नाही. दुसरी गोष्ट लेकींची. दूरच्या गावी लेक दिलेल्या घरांना वाईट साल थोडे सुसह्य जाई, असे १९८९ साली अभ्यासकांनी मांडले. कारण उघड आहे. पाऊस सगळीकडे एकदम रुसत नाही; सोयरे मदतीला येतात. आपल्या आजीला हे ठाऊक होतेच. आता त्याला आकड्यांचा आधार मिळाला.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर हे काम थांबले, आणि २००१ पासून त्याच गावांत पुन्हा सुरू झाले. तोवर कितीतरी घरांत लेकरांचे संसार वेगळे झाले होते.

गुरुजनहो, गरीब कोण, एवढेच विचारून भागत नाही. गरीब केव्हा झाला आणि सावरला कशाने, हेही विचारावे लागते. मदत वेळेवर, म्हणजे बैल विकण्याआधी पोचायची, तर हे कळायलाच हवे. म्हणून कुणी वही घेऊन दारी आला, तर त्याला आधी एवढेच विचारा: पुढच्या वर्षी पुन्हा येणार ना?