दादीचे साल

आमच्या दादीची जन्मतारीख कुठल्याच कागदावर खरी नव्हती. रेशनकार्डावर कुणीतरी अंदाजाने 1940 लिहिले आणि पुढच्या सगळ्या कागदांनी तेच उचलले. तिला विचारले की म्हणायची, "पोलीस ॲक्शन हुआ तब मैं चौदा की थी." म्हणजे जन्म 1934 च्या आसपासचा. 2022 साली ती अल्लाहला प्यारी झाली, तेव्हा कागदावर 82 वर्षांची होती, आमच्या हिशेबाने 88 ची.

आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. पण मराठवाड्याचा इतिहास आम्हाला आधी दादीच्या मांडीवर कळला. निजामाच्या अमलातल्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एका खेड्यात ती जन्मली. हाली रुपया वेगळा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा, हे ती बोटांवर समजावून सांगे. घर न बदलता तिने हैदराबाद संस्थान पाहिले, भारतातले हैदराबाद राज्य पाहिले, 1956 चे द्विभाषिक मुंबई राज्य आणि 1960 चा महाराष्ट्रही पाहिला. 1972 च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी थापल्या. 1993 च्या भूकंपाची पहाटही ती सांगायची. फक्त एका सालाबद्दल गप्प राहायची : 1948.

पुस्तकातून आम्हाला एवढे माहीत होते की, 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी हिंदू प्रजेवर जुलूम केले होते, हे खरेच आहे. त्यानंतर अनेक गावांत निरपराध मुसलमान मारले गेले, हेही तितकेच खरे. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्यासोबत काझी अब्दुल गफ्फार यांना चौकशीसाठी पाठवले. त्यांनी मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

हे वाचून आम्ही दादीपुढे बसलो. बराच वेळ तिने तसबीह फिरवली. मग इतकेच सांगितले : तिचे अब्बा शेताकडे गेले, ते परतले नाहीत. शेजारच्या पाटलीणबाईंनी तिला आणि तिच्या आईला तीन दिवस बळदात लपवले, वर ज्वारीची पोती रचली. दारावर माणसे आली तेव्हा बाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

आता आम्हाला कळले की दर ईदला शिरखुर्म्याचा पहिला डबा त्याच घरी का जायचा, आणि दिवाळीचा फराळ तिथूनच आधी का यायचा. अब्बांच्या कबरीचा मात्र पत्ता नव्हता. शबे-बरातला दादी अंगणातच उभी राहून फातिहा पढायची.

दर 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत झेंडावंदन होते. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, रझाकार म्हणजे आपले लोक होते का?" प्रश्न साधा होता, पण त्यामागची भीती आम्हाला कळली. आम्ही त्याला शोएबुल्ला खान यांची गोष्ट सांगितली. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक भारतात विलीन व्हावे असे लिहीत, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. मग पाटलीणबाईंची गोष्ट सांगितली. शेवटी, प्रथमच, आमच्या पणजोबांचीही सांगितली. मुलाला म्हटले, "बेटा, आपले कोण ते नावावरून ठरत नाही. त्या दिवसांत कोण कुणासाठी दारात उभे राहिले, ते विचार."

दादीने कुणाचा बदला मागितला नाही, कुणाचे उपकारही विसरली नाही. आम्हा शिक्षकांनी दोन्ही गोष्टी एकाच तासात शिकवायला हव्यात. एक सांगून दुसरी गाळली तर तो इतिहास राहत नाही.

घरोघरी अशा दाद्या-नान्या अजून आहेत. कागदावरचे साल चुकीचे असेल, पण त्यांना विचारा. त्या आहेत तोवरच विचारा. अल्लाह आमच्या दादीची मग्फिरत करो. आमीन.