जिरेनियम लावण्याआधी रियुनियन बेटाची गोष्ट ऐका

जिरेनियमची रोपं कुठं मिळतील, असं बरेच जण विचारतात. रोपांआधी या झुडपाचा इतिहास ऐका.

याचं मूळ गाव दक्षिण आफ्रिका. फुलं गुलाबी, छान दिसतात, पण तेल निघतं पाल्यातून. त्यात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल असतं. गुलाबाच्या तेलातही हेच मुख्य घटक, म्हणून महागड्या गुलाबतेलाला हा स्वस्तातला पर्याय. फ्रान्सच्या ग्रास गावातल्या अत्तरवाल्यांनी ते ओळखलं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हे पीक हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर गेलं आणि तिथलं ‘बूर्बों’ तेल जगात नावाजलं.

पण हिशोब बघा. एक टन पाला उकळला तर तेल साधारण एक किलो. भट्टीला जळण लाकडाचं. डोंगरावरचं जंगल तुटलं, उतारावरची माती वाहून गेली. त्यात चक्रीवादळं. पुढं इजिप्त आणि चीनचं स्वस्त तेल आलं आणि बाजार तिकडं गेला. तेल उत्तम असूनही बेटावर आता थोडंच पीक उरलंय.

आपल्याकडं हे आधी तमिळनाडूच्या येरकाड, निलगिरीच्या थंड डोंगरांत रुजलं, आता महाराष्ट्रातही लावतात. तेव्हा रोपवाल्याला दर विचारण्याआधी तीन गोष्टी बघा: भट्टी किती लांब, तिचं जळण काय, आणि तेल घेणारे किती जण. तेल काढलेला पाला वाळवून भट्टीतच जाळता येतो, नाहीतर कंपोस्ट करा. घेणारा एकच असेल तर मात्र थांबा.