नाटेकर पितापुत्र आणि हरण्याचा अर्थ

टेनिसपटू गौरव नाटेकर यांची कारकीर्द सांगायची, तर आधी वडिलांकडे जावं लागतं. १९३३ साली सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर सुरुवातीला टेनिसच खेळायचे. ज्युनिअर राष्ट्रीय अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. गौरवनं १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससोबत दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. लोक म्हणतात, मुलानं वडिलांच्या पराभवाची भरपाई केली. पण भरपाई कसली? त्या दिवशी कृष्णन सरस खेळले, इतकंच तो निकाल सांगतो. चिकलठाण्यातल्या पालकांनो, पोर हरून घरी आलं, तर त्या निकालातून याहून जास्त काही वाचू नका.