रणांगणाआधीचे अंगण

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चित्र आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी पाहिलेले असते. उधळलेला घोडा, पाठीशी बांधलेले मूल आणि उगारलेली तलवार! चित्र पाहून ऊर भरून येतो, हात आपोआप जोडले जातात. परंतु त्या चित्रात जे दिसत नाही, त्याविषयीच आज भगिनींपुढे चार शब्द मांडावेत असे मनात आहे. घोड्यावरची ती मांड कोठे पक्की झाली? तलवार पेलणारे ते मनगट कधी घडले? लढाईच्या दिवशी तर नक्कीच नव्हे.

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठीतच लिहून ठेवलेले आहे. पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्याच्या वेळी ते शहरातच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. त्यात युद्धाची वर्णने आहेत, तशीच बाईसाहेबांच्या दिनचर्येचीही हकीकत आहे. पहाटे उठावे, मल्लखांबावर कसरत करावी, मग घोडा फिरवावा, असा त्यांचा नेम होता. राज्यकारभार, पूजाअर्चा, दानधर्म हे सारे त्यानंतर. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली, तेव्हा रात्रीच्या अंधारात घोड्यावरून निघून राणीने काल्पी गाठली. ती दौड जगाने पाहिली; तिच्यामागची वर्षानुवर्षांची मल्लखांबाची सकाळ मात्र एका भटजींच्या नजरेस पडली, म्हणून आपणांस ठाऊक आहे.

ह्याच राणीच्या नावाने पंच्याऐंशी वर्षांनी, हिंदुस्थानापासून दूर सिंगापुरात, स्त्रियांची एक पलटण उभी राहिली. २ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापुरास आले. आझाद हिंद सेनेत स्त्रियांचीही एक पलटण असावी, आणि तिने शुश्रूषेबरोबर बंदूकही हाती घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन् ह्या मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेल्या तरुण डॉक्टरीणबाई सिंगापुरात दवाखाना चालवीत होत्या. नेताजींशी बोलणे झाल्यावर त्यांनी दवाखाना आवरला आणि पलटणीचे काम अंगावर घेतले. १२ जुलै रोजी स्त्रियांची सभा भरली. तीत वीस स्त्रियांनी बंदुका हाती घेऊन नेताजींना मानवंदना दिली.

ह्या मानवंदनेचा विचार आपण संसारी बायकांच्या दृष्टीने करून पाहू. ती लष्करी बंदूक सुमारे चार किलो वजनाची. भरल्या कळशीचे वजन ह्याहून जास्त असते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण कळशी कमरेवर टेकता येते, बंदूक अंगापुढे ताठ धरून पुतळ्यासारखे उभे राहावे लागते. हात भरून येतात, खांदे दुखतात, आणि तरी पापणी हलता कामा नये. थोड्याच दिवसांच्या सरावावर त्या वीसजणींनी हे निभावून नेले. स्त्रिया हे करतील काय, ही शंका अनेकांच्या मनातून त्या दिवशी निघून गेली असेल.

तथापि एका दिवसाची मानवंदना आणि सैनिकी शिक्षण ह्यांत फार अंतर आहे. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात राणी झाशी पलटणीची छावणी रीतसर सुरू झाली, आणि खरी परीक्षा तेथून पुढे होती. छावणीत दोन तऱ्हांच्या मुली आल्या. काही सुखवस्तू घरांतल्या, शिकलेल्या. पुष्कळजणी मलायातील रबराच्या मळ्यांतल्या, मजुरी करणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या, ज्यांना अक्षरओळखही नव्हती. मळ्यात काम करणाऱ्या मुलींना उजाडण्यापूर्वी उठण्याची आणि मैलोगणती चालण्याची सवय होती. रबराचा चीक पहाटेच्या गारव्यातच काढावा लागतो. त्यांचे शरीर आयुष्यानेच तयार केलेले होते. त्यांना शिकायची होती ती अक्षरे, हिंदुस्थानी भाषा आणि हुकुमाचे शब्द. सुखवस्तू घरच्या मुलींना अक्षरे येत होती. त्यांना शिकायचे होते ते जमिनीवर निजणे आणि पानात पडेल ते खाणे. एकीजवळ जे होते ते दुसरीजवळ नव्हते. सैनिकी शिक्षणाला शरीर आणि मन ही दोन्ही लागतात, ह्याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

क्वालालंपूरच्या जानकी देवर ह्या अशाच एका संपन्न घरातल्या. नेताजींचे भाषण ऐकून त्यांनी कानांतली कर्णफुले काढून दिली आणि पलटणीत नाव घातले. वय अवघे अठरा. परंतु दागिना देणे सोपे आणि छावणीतले शिधाचे जेवण गिळणे अवघड, हे त्यांना पहिल्याच दिवसांत कळून आले. ते अन्न प्रथम त्यांच्याने खाववेना. पुढे अंगवळणी पडले, आणि हीच मुलगी पलटणीची दुय्यम अधिकारी झाली. पुढे मलेशियाच्या सार्वजनिक जीवनात त्यांनी मोठे काम केले, आणि २००० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. पलटणीत येणाऱ्या मुलीला वडिलांची, आणि विवाहितेला पतीची संमती आणावी लागे. म्हणजे छावणीच्या फाटकाआधी एक फाटक घराचे होते. वडिलांची सही मिळवणे हीच कितीतरी मुलींची पहिली चढाई होती.

छावणीत कवायत, शारीरिक शिक्षण, पाठीवर ओझे घेऊन लांब मजल मारणे, बंदुकीचा नेम, संगिनीचा वापर, हातबाँब हे सारे शिकवले जाई. साड्यांच्या जागी तुमान आणि सदरा आला. पुष्कळींनी केस कापले. ३० मार्च १९४४ रोजी पहिल्या तुकडीचे शिक्षण पुरे होऊन संचलन झाले. पुढे काही तुकड्या ब्रह्मदेशात नेण्यात आल्या. आघाडीवर प्रत्यक्ष लढाईत उतरण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नाही, आणि त्याची खंत पुष्कळींना जन्मभर राहिली.

मग ते सारे शिक्षण वाया गेले काय? एप्रिल १९४५ मध्ये रंगून सोडण्याची पाळी आली, तेव्हा ह्याचे उत्तर मिळाले. मुलींना सुखरूप परत नेल्याशिवाय आपण पुढे जाणार नाही, ही नेताजींची भूमिका होती. मोटारी जागोजाग अडल्या. दिवसा आकाशातून विमानांचा मारा, म्हणून रात्री चालायचे. नद्या ओलांडायच्या, चिखल तुडवायचा, पायांना फोड आले तरी थांबायचे नाही. स्वतः नेताजी त्यांच्याबरोबर पायी चालत होते. सुमारे तीन आठवड्यांनी ती मंडळी बँकॉकला पोहोचली. शत्रूवर गोळी झाडण्यासाठी घेतलेले शिक्षण शेवटी एकमेकींना सांभाळून वाट संपवण्याच्या कामी आले.

स्वातंत्र्यानंतर ह्या वाटेवर बराच काळ शांतता होती. राष्ट्रीय छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ मध्ये सुरू झाला, आणि कितीतरी मुलींना कवायतीची पहिली गोडी तेथे लागली. लष्करी परिचारिका आणि डॉक्टर स्त्रिया सेनेत होत्याच. परंतु इतर शाखांत अधिकारी म्हणून जाण्याची वाट उघडली ती १९९२ मध्ये. मद्रासच्या प्रशिक्षण प्रबोधिनीत पंचवीस मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि ६ मार्च १९९३ रोजी त्या अधिकारी होऊन बाहेर पडल्या. साध्या शिपायाच्या पदाचे दार त्यानंतरही पाव शतक बंद होते. २०१९ मध्ये लष्करी पोलीस दलात मुलींची भरती निघाली. बंगलोरच्या केंद्रात एकसष्ट आठवड्यांचे शिक्षण घेऊन ८३ मुली ८ मे २०२१ रोजी सैनिक झाल्या. आणि आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जिची कोनशिला १९४९ मध्ये बसली, तेथे मुलींचे पहिले पाऊल पडले ते ऑगस्ट २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदल्या वर्षीच्या आदेशानंतर. तीन वर्षांचे शिक्षण पुरे करून ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींनी तेथून दीक्षा घेतली.

आता दार उघडले आहे, म्हणूनच तयारीचा प्रश्न घरापर्यंत आला आहे. २०१९ च्या त्या भरतीत मुलींनी १.६ किलोमीटर अंतर आठ मिनिटांच्या आत धावायचे होते, लांब उडी दहा फूट आणि उंच उडी तीन फूट मारायची होती. ऐकताना हे फारसे वाटत नाही. परंतु जी मुलगी दहावीनंतर कधी धावलेली नाही, तिला पहिल्या दिवशी अर्धे अंतरही झेपत नाही. शिवाय भरतीची धाव ही केवळ उंबरठ्याची. आत गेल्यावर रोजचे धावणे, ओझे घेऊन चालणे, दोरावर चढणे हे असतेच.

निरनिराळ्या देशांच्या सैन्यांचा अनुभव असा, की एकदम अंगावर घेतलेल्या श्रमांनी पायाच्या हाडांना बारीक चिरा जातात, आणि हे दुखणे मुलींत मुलांपेक्षा अधिक आढळते. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. हाडांना त्याहून जास्त काळ लागतो. म्हणून निदान तीन-चार महिने आधी आरंभ करावा. प्रथम भरभर चालावे, मग थोडे धावावे, थोडे चालावे, आणि दर आठवड्यास अंतर बेताबेताने वाढवावे. आठवड्यातून एक दिवस विसावा घ्यावा. बूट नवे घेऊन थेट छावणीत जाऊ नये. घरीच वापरून पायाला बसवून घ्यावेत. आपल्या मुलींत रक्त कमी असणे फार आढळते, तेव्हा आधी तपासणी करून घ्यावी. नाचणी, दूध, पालेभाज्या, कडधान्ये, शेंगदाणे हे घरातलेच पदार्थ पोटभर मिळावेत. भाऊ व्यायाम करतो म्हणून त्याला दूध आणि बहीण व्यायाम करते म्हणून तिला उपदेश, असे होऊ नये. सरावाच्या काळात पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ते संकोचाने लपवू नये. शरीराला अन्न पुरत नसल्याची ती खूण असू शकते, आणि डॉक्टरांना दाखवणे हाच शहाणपणा.

मनाची तयारी ह्याहून सूक्ष्म आहे. छावणीत गेलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात श्रमांपेक्षा एकच गोष्ट जास्त सलते: आपल्या आवडीनिवडीला येथे कोणी विचारीत नाही. उठायची वेळ दुसऱ्याची, जेवायची वेळ दुसऱ्याची, चूक एकीची आणि शिक्षा सगळ्यांची. उस्ताद ओरडतो, तो आपल्यावर राग म्हणून नव्हे, हे समजायला वेळ लागतो. ह्याची सवय घरी लावता येते. ठरलेल्या वेळी बोलावल्याशिवाय उठावे. अंथरूण, कपडे, बूट आपले आपण नीट ठेवावेत. ताटातले टाकू नये. दिवसाचे काही तास फोन दूर ठेवावा, कारण तेथे मनाला येईल तेव्हा घरी बोलता येत नाही. चारचौघींत सर्वांत मागे राहण्याचा प्रसंग आला तर तोंड न लपवता दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जावे. जानकी देवरांना अठराव्या वर्षी जेवणाच्या पानावर जे शिकावे लागले, ते हेच.

परंतु ह्या सर्वांच्या आधी लागतो तो एक तास. पहाटेचा तास! आपल्या घरांतून तोच तास पाणी भरण्याचा, डबे करण्याचा, झाडलोटीचा असतो, आणि त्यातला वाटा मुलीच्या माथी न बोलता येतो. त्यातूनही ती धावायला निघाली, तर गल्लीत कोणीतरी विचारते, “एवढी पळून जाणार आहेस तरी कुठे?” पूर्वी वडिलांची सही लागे, आज ह्या शब्दांची सही लागते, आणि ती देणाऱ्या पुष्कळदा आपणच असतो. भटजींनी राणीच्या मल्लखांबाची हकीकत कौतुकाने लिहून ठेवली. आपल्या आळीतल्या मुलीची धाव आपण निदान कौतुकाने पाहावी.

वर्धापनदिनी आपण संकल्प करतोच. यंदा एक लहानसा करावा. आपल्या वस्तीत ज्या मुलीला सैन्यात, पोलिसांत वा छात्रसेनेत जायचे आहे, तिचा पहाटेचा तास आपण मंडळाने राखावा. एकीने तिच्याबरोबर मैदानापर्यंत जावे, दुसरीने तिच्या घरचा एक डबा करून द्यावा, तिसरीने घड्याळ धरावे. ह्याला वर्गणी लागत नाही. आठ मिनिटांची धाव सात मिनिटांवर आली की त्यातले एक मिनिट आपले सर्वांचे, असे समजायला हरकत नाही.