माणसं कमी, की दारं बंद?

'रिसोर्सेस कमी आहेत' हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलं नसेल? जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकन लष्कर नर्सेसबद्दल हेच म्हणत होतं. अध्यक्ष रूझवेल्टनी तर त्यांची सक्तीची भरती सुचवली!

गंमत म्हणजे हजारो प्रशिक्षित कृष्णवर्णीय नर्सेस उपलब्ध होत्या. पण १९४१ मध्ये लष्कराने त्यांच्यासाठी जागा ठेवल्या फक्त ५६, नौदलाने एकही नाही. घेतलेल्यांपैकी काहींना तर जर्मन युद्धकैद्यांची शुश्रूषा करायला लावलं.

मेबल स्टॉपर्स ही बार्बाडोसमध्ये जन्मलेली नर्स. कृष्णवर्णीय नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेचं काम ती १९३४ पासून बघत होती. तिने लष्कराच्या सर्जन जनरलला भर सभेत विचारलं, एवढी टंचाई आहे तर आमच्या नर्सेस का नकोत? उत्तर काय देणार! निषेधाच्या तारांचा पाऊस पडला. त्याच महिन्यात लष्कराने कोटा काढला, मार्चमध्ये नौदलाने पहिली नेमणूक केली.

१९४८ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनचंही सदस्यत्व सगळ्यांना खुलं झालं. मग १९५१ मध्ये, अध्यक्ष असताना, स्टॉपर्सने आपली संघटनाच विसर्जित केली. उद्देश साध्य झाला, म्हणून!

असं करणारे किती नेते आठवतात तुम्हाला?