'कवायत' आणि 'लिंबूटिंबू' : शालेय व्यायामाच्या इतिहासावरील एक टिपण

शालेय व्यायामाचा इतिहास बहुधा संस्था व अभ्यासक्रम यांच्या आधारे लिहिला जातो. त्याच्या शब्दसंग्रहाचा विचार केल्यास त्या इतिहासाची एक उपेक्षित बाजू दृष्टीस पडते.

'तालीम' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. मराठीत तो व्यायामाचे शिक्षण व ते देण्याची जागा या अर्थांनी रूढ झाला. 'कवायत' हाही अरबीच. 'कायदा' या शब्दाच्या मूळ रूपाचे अनेकवचन 'कवाइद', म्हणजे नियम. उर्दूत व्याकरणालाही हीच संज्ञा आहे. मराठीत मात्र ती सैन्याच्या शिस्तबद्ध हालचालींना लागली व इंग्रजी अमदानीत शाळेच्या पटांगणावर आली.

दोहोंतील भेद केवळ नावाचा नव्हे. तालमीतील कुस्तीस जोडीदार लागतोच. कवायतीत विद्यार्थी हातभर अंतर राखून उभा राहतो व हुकुमाकडे लक्ष देतो. शेजाऱ्याशी त्याचा संबंध येत नाही. अर्थात तालीम सर्वांना खुली होती असे नव्हे. मुलींना तर तेथे बहुधा प्रवेशच नसे.

मैदानी खेळांनी मराठीस 'गडी', 'भिडू' असे शब्द दिले. त्यांतील 'लिंबूटिंबू' विशेष लक्षणीय होय. लहान वा दुबळ्या मुलास खेळात घ्यावयाचे, पण तो बाद झाल्यास ते मोजावयाचे नाही, असा हा संकेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. नियमबद्ध खो-खोत एका संघाचे ९ खेळाडू मैदानात उतरतात. लिंबूटिंबूस तेथे स्थान नाही. स्पर्धेच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु व्यायामाच्या तासालाही स्पर्धेचेच नियम लावल्यास निवडीत मागे राहणारा मुलगा कडेलाच बसून राहतो.

हा प्रश्न आज अधिक गंभीर झाला आहे. १४६ देशांच्या एका अभ्यासानुसार २०१६ साली ११ ते १७ वर्षांच्या सुमारे ८१ टक्के मुलामुलींची शारीरिक हालचाल अपुरी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात एकाकीपणाचे प्रमाण किशोरवयात सर्वाधिक आढळले. एक दुसऱ्याचे कारण आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि व्यायामाच्या तासाचे मूल्यमापन करताना किती मुले हलली याबरोबरच किती मुलांना भिडू मिळाला, हेही पाहावयास हवे. मुलांच्या बोलीने हा विचार लिंबूटिंबूच्या रूपाने पूर्वीच केला होता.